आधी तुम्ही लावा

‘शनिवारी दुपारी एक वाजता, युक्लाच्या जुन्या धक्क्यावर. जमलं तर ये. नाही जमलं तरी हरकत नाही.’ धाकट्या बहिणीचा, रोवीनाचा, हा निरोप मंगळवारी आला तेव्हा मी पर्थमधल्या दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलाशी बसून एका बाईंना पुढची तारीख देत होते. इंजेक्शनमुळे बाईंचं निम्मं तोंड बधिर होतं आणि उरलेल्या निम्म्या तोंडाने त्या माझ्याशी भांडत होत्या. मी बुधवार दिला होता, त्यांना गुरुवार हवा होता. गुरुवार भरलेला होता, तरी मी तो दिला आणि तिथल्या कुणा गरिबाला शुक्रवारी ढकललं. मग फोन पालथा ठेवला. आईची राख समुद्रात सोडायची होती. जिने मला जन्म दिला त्या बाईची राख, आणि मला बोलावणं कसं, तर ‘जमलं तर’. इकडून जात असलीस तर चहाला डोकावून जा म्हणतात तसं. संध्याकाळपर्यंत मी हसतमुखाने तारखा वाटत राहिले. घरी आल्यावर पायातले बूटसुद्धा न काढता स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, ‘जमवणार.’ ऐकायला कुणी नव्हतं. नवरा तीन वर्षांपूर्वी गेला, म्हणजे मेला नाही, दुसरीकडे राहायला गेला, आणि जाताना कुत्रंही घेऊन गेला. ‘कोरली, तुला चालेल ना?’ असं त्याने दोन्हींबद्दल एकाच दमात विचारलं होतं. मी चालेल म्हटलं होतं.

गुरुवारी पहाटे निघाले. विजेच्या गाडीने युक्लापर्यंतचा हा ओसाड, चौदाशे किलोमीटरचा रस्ता म्हणजे वेडेपणा आहे, असं दवाखान्यातल्या सगळ्यांनी सांगितलं. गाडीने जायचं म्हणजे चालवायचं कमी आणि थांबायचं जास्त. तीनशे किलोमीटर गेलं की एक चार्जिंगचं यंत्र, त्याच्यापुढे तुमच्याआधी आलेली माणसं, आणि त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा. पेट्रोलवाले पाच मिनिटांत तोंड न उघडता निघून जातात. आमची ही नवी जमात तासन्‌तास एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसते, आणि म्हणून तिला रीतिभाती लागतात. काचेमागे आपला फोननंबर लिहून ठेवावा. दुसऱ्याची तार काढू नये. मागे कुणी थांबलं असेल तर ऐंशी टक्के झाल्यावर आपण होऊन बाजूला व्हावं. मला हे नियम शिकवावे लागले नाहीत. माझं अख्खं बालपण दुसऱ्यांना वाट करून देण्यात गेलं, तेही याच रस्त्यावर.

शनिवारी सकाळी साडेनऊला हॅम्पटन टँकला पोचले. साडेनऊ म्हणजे तिथले. या पट्ट्यातल्या मूठभर माणसांनी आपली घड्याळं पर्थच्या पाऊण तास पुढे लावून ठेवलीत, कुणाला न विचारता. मीही सवयीने आदल्या दिवशीच काटा फिरवून ठेवला होता. गाडीत चौदा टक्के उरले होते. युक्ला अजून एकशे सत्तर किलोमीटर. चाळीस-पन्नास मिनिटं लावायची, दोन तास चालवायची, एकच्या आत धक्क्यावर. हिशेब इतका सरळ होता की मला जरा आनंदच झाला. जिथे पूर्वी पेट्रोलचा पहिला पंप होता तिथे आता ते यंत्र उभं होतं, एकुलतं एक, पांढरं, कपाटाएवढं. त्याला एस्परन्स गावचा एक माणूस लागलेला होता आणि त्याचं संपत आलं होतं. त्याच्यानंतर माझा नंबर. मी खाली उतरले आणि रोडहाउसकडे, आई राबायची त्या रस्त्याकाठच्या खाणावळीकडे, न बघण्याचा प्रयत्न केला. त्या इमारतीच्या मागच्या दोन खोल्यांत मी सतरा वर्षं काढली होती. आई पुढे आणखी सोळा वर्षं तिथेच राहिली, तळणीच्या वासात, दाराच्या घंटीच्या तालावर. घंटी वाजली की आई उठायची. तोंडात घास असला तरी, ताप असला तरी, नाताळचं जेवण अर्धं वाढलेलं असलं तरी. ‘त्यांना पुढे जायचंय. आपण काय, इथलेच,’ असं म्हणत एप्रनला हात पुसत ती निघायची. लहानपणी मला वाटायचं, जगात दोन प्रकारची माणसं असतात, पुढे जायचं असलेली आणि इथली, आणि इथल्यांना घाई नसते.

एस्परन्सवाला निघाला तेवढ्यात मागून एक दणकट गाडी आली, मागे लांबलचक कॅरव्हॅन जोडलेली. त्यातून एक म्हातारा उतरला. सत्तरी ओलांडलेला, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर कापडी टोपी. त्याने आपलं नाव क्लाइव सांगितलं, बायकोचं मर्ना, आणि मग आपल्या गाडीकडे आजारी बैलाकडे बघावं तसं बघून म्हणाला, “नऊ टक्क्यांवर कशीबशी आणली बघ. समोरचा वारा, त्यात हे मागचं धूड. तुला घाई आहे का गं?”

“छे! मला कसली घाई,” मी म्हणाले. “आधी तुम्ही लावा.”

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं तेव्हा मी तिथे नव्हते, असं मी शपथेवर सांगू शकते. ते जिभेवर तयारच बसलेलं असतं. तो म्हणाला, “नक्की ना? आम्हाला अंधार पडायच्या आत राज्याच्या सीमेपलीकडे पोचायचंय. सांज झाली की कांगारू येतात रस्त्यावर.” मी म्हणाले, “हो हो, लावा ना.” एवढंच नाही, तर त्याची ती जड तार मीच उचलून दिली. मर्ना खिडकीतून म्हणाली, “किती चांगली माणसं भेटतात बाई या रस्त्याला.” क्लाइवने तार लावली, यंत्र गुरगुरायला लागलं आणि पडद्यावर आकडा उमटला, नऊ. मी माझ्या गाडीत जाऊन बसले, आणि मग मला कळलं की मी काय केलंय.  अजून वेळ आहे, असं मी स्वतःला सांगितलं. साडेदहापर्यंत त्यांचं आटपेल. साडेदहाला लावली तरी जमेल, थोडं पळवावं लागेल इतकंच.

पण आकडा हलेना. आत प्रवाशांची एक बस थांबली होती, तळण्या आणि शेगड्या सगळ्या चालू होत्या, आणि रोडहाउसच्या जनरेटरला दोन्ही झेपत नव्हतं. सव्वीस. एकतीस. मी काच वर करून वाऱ्याचा आवाज बंद केला आणि बसले. मला माझा दहावा वाढदिवस आठवला, जो मी आठवायचा नाही असं ठरवलेलं आहे. आईने केक केला होता, वर माझं नाव, अक्षरं जरा तिरकी. दुपारी अशीच एक बस आली, बत्तीस माणसं, आणि गोड काहीच शिल्लक नव्हतं. आई माझ्याकडे आली, एप्रनला हात पुसत. “कोरली, तुला चालेल ना? उद्या दुसरा करते.” मी चालेल म्हणाले. मग मी दाराआडून बघत राहिले. तिने केकचे तुकडे केले, प्रत्येकावर थोडंथोडं माझं नाव आलं, आणि एका जाड माणसाने ‘को’ खाल्लं. दुसरा केक झाला नाही. झाला असता, पण मी आठवण करून दिली नाही आणि आईला वाटलं मी विसरले. रोवीना तेव्हा पाच वर्षांची होती. तिने जमिनीवर लोळण घेऊन असा आकांत केला की एका प्रवाशाने आपला तुकडा तिला दिला. माझ्या वाढदिवसाच्या केकचा तुकडा माझ्या घरात माझ्या बहिणीने खाल्ला, आणि मी ताटल्या विसळल्या. आई मला कौतुकाने म्हणाली, “कोरली म्हणजे किती समजूतदार.” समजूतदार. हा शब्द मी आयुष्यभर बिल्ल्यासारखा छातीवर लावून हिंडले. अठ्ठावन्न वर्षांची झाले आणि आता माझ्या लक्षात येतंय की लोक माणूस बघत नाहीत, बिल्ला बघतात.

साडेदहाला बावन्न. क्लाइव आणि मर्ना आत कॉफी घेऊन बाहेर आली होती, वाऱ्यात टोप्या धरून फिरत होती. जाऊन सांगायचं होतं फक्त. ‘क्लाइव, माझ्या आईची राख सोडतायत एक वाजता. मला अर्धा तास लावू द्या.’ दोन वाक्यं. मी ती गाडीत बसून म्हणून पाहिली. पहिल्या वाक्याला आवाज फुटला आणि दुसऱ्याला फुटलाच नाही. रोवीनाला फोन करून अर्धा तास थांबा म्हणून सांगता आलं असतं. हॅम्पटन टँकला मोबाइल चालत नाही, पण बर्फाच्या पेटीशेजारी सरकारी फोन आहे, फुकट. मी दोनदा त्या दिशेला गेले आणि दोनदा चिप्सचं पाकीट घेऊन परत आले. थांबा म्हणायला तोंड लागतं. शेवटच्या वर्षात आई सीडूनाच्या वृद्धाश्रमात होती, मी दर रविवारी फोन करायचे, आणि दर रविवारी चार वाक्यांनंतर ती म्हणायची, “कोरली, ठेवते हं, कुणीतरी आलंय.” कधी नर्स, कधी शेजारची म्हातारी, कधी रोवीना. थांब गं, मला बोलायचंय, असं एकदा तरी म्हणायचं होतं मला. तिच्याशी बोलण्यासाठी तरी मी ‘पुढे जायचं असलेली’ माणूस होऊ शकले असते. निदान राख सोडताना मी पहिली उभी राहणार होते, पाण्याच्या सगळ्यात जवळ, मोठी मुलगी म्हणून, आणि मर्व्हमामा मागे आणि रोवीनाही मागे. गेले तीन दिवस बाराशे किलोमीटरभर मी हेच बघत आले होते.

अकराला दहा मिनिटं कमी. अठ्ठावन्न. ऐंशीला बाजूला होतील ही आशाही खोटी होती, कारण कॅरव्हॅन ओढत युक्ला गाठायला त्यांना नव्वद लागणार होते. म्हणजे अजून तासभर. ती दोघं कुंपणापाशी एका मोठ्या गरुडाचे फोटो काढत होती, माझ्याकडे पाठ करून. मी यंत्राजवळ गेले. बाजूला प्लास्टिकच्या झाकणाखाली एक लाल बटण होतं, धोका असेल तरच दाबा असं लिहिलेलं. मी झाकण उचललं आणि बटण दाबलं. तळव्याने, अंग टाकून. खट्‌ असा आवाज झाला आणि यंत्राची गुरगुर एकदम थांबली. मला कंबरेपासून वर गरम गरम काहीतरी चढत गेल्यासारखं वाटलं. लाज असावी असं मला वाटलं, पण ती लाज नव्हती. मला मजा वाटत होती. त्यांची तार मी उपसून काढली, माझी गाडी यंत्राच्या दुसऱ्या बाजूने पुढे घेतली, तार माझ्या गाडीला लावली, बटण पिळून वर आणलं आणि पडद्याकडे बघत उभी राहिले. पडद्यावर आकडा नव्हता. एक उद्गारचिन्ह होतं आणि खाली मदतीचा फोननंबर.

पुढचा पाव तास मी काय केलं ते सांगायला नको, पण सांगते. मी यंत्राला हात जोडायचेच बाकी ठेवले. बटण पुन्हा दाबलं, पुन्हा पिळलं, तार काढली, लावली. रोडहाउसची मॅनेजर टीगन आतून आली, पंचविशीची, केसांना चिप्सचा वास. तिने कंपनीला फोन लावला, अर्धा वेळ तिकडची गाणी ऐकली, आणि मग म्हणाली, “बंद पडलंय ते. इथून चालू होत नाही. कालगूर्लीहून माणूस पाठवतायत, सोमवारी.”

“सोमवारी?” मी म्हणाले.

“आलाच तर. मागच्या खोल्यांमधला साधा प्लग देते तुला. उद्या सकाळपर्यंत निम्मी भरेल. एवढं करू शकते.”

क्लाइव आणि मर्ना धावत आली. त्यांना वाटलं यंत्र आपोआप मेलं. त्यांच्या मनात दुसरं काही आलंच नाही, आणि तार माझ्या गाडीला लावलेली बघून मर्ना म्हणाली, “बिचारी! आमचं बंद पडलेलं बघून आपली लावून बघत होतीस होय? आम्ही मध्ये घुसायलाच नको होतं. क्लाइव, मी म्हणत होते ना तुला.” आणि तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात फार हलका होता. त्यानेच मी फुटले. नाकातून पाणी गळायला लागलं, आणि त्या अवस्थेत, ज्यासाठी मला दीड तास तोंड सापडलं नव्हतं ते मी सगळं एका दमात सांगून टाकलं. राख, एक वाजता, युक्ला, आई, याच रोडहाउसमध्ये, तेहेतीस वर्षं.

 क्लाइवने डोक्यावरची टोपी काढली आणि मला वाटलं आता हा खवळणार. खवळलाच तो. “अगं, मग सांगायचं ना! तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीस? मी विचारलं ना तुला, घाई आहे का म्हणून? सरळ विचारलं की नाही?”

“विचारलंत.”

“अठ्ठावन्न टक्के आहेत आपल्याकडे. हे मागचं धूड इथे ठेवलं की युक्ला आरामात होतं. चल, बस. मर्ना, तिची पर्स घे. मी सोडवतो हे.”

“पण तुमचा मुक्काम...”

“मुक्काम गेला खड्ड्यात. आई एकदाच मरते. उद्या येऊन नेऊ कॅरव्हॅन, पळून जात नाही ती.”

तो खाली बसला. गुडघे कटकट वाजले. वाऱ्यात डोळे बारीक करून तो कॅरव्हॅन जोडणारा लोखंडी आकडा सोडवायला लागला, तो गंजलेला होता, आणि मर्ना त्याला हातोडी देत होती, पकड देत होती. मी म्हणाले, बहिणीला कळवून येते, वेळेत पोचतेय म्हणून. बर्फाच्या पेटीशेजारच्या फोनवर आता मी एकदाही न अडखळता गेले. सव्वाअकरा झाले होते. खरोखरच जमणार होतं. नंबर दाबताना मला हसू येत होतं.

“कोरली?” रोवीना म्हणाली. मागे गाडीचा आवाज होता. “कुठून बोलतेयस? मेसेज मिळाला ना?”

“इथे मेसेज कुठला मिळतोय. मी हॅम्पटन टँकला आहे. निघतेच आहे आता, एकच्या आत—”

“अगं बाई. कोरली. झालं ते. सकाळी आठलाच उरकलं आम्ही. वारा केवढा वाढणार होता, वाळू नुसती तोंडात जात होती, आणि मर्व्हमामांना उजेडात परत जायचं होतं. आता आम्ही परत निघालोय.”

मी भिंतीवर कुणीतरी खिळ्याने कोरलेली नावं वाचत होते.

“मी येत होते, रोवीना. मी निघाल्याचं कळवलं होतं तुला.”

“हो, माहीत होतं ना. म्हणून तर मी विचारलं सगळ्यांना, कोरलीसाठी थांबायचं का म्हणून. अगदी नीट विचारलं. सगळे म्हणाले, ती काही म्हणणार नाही.” मग ती म्हणाली, “छान झालं पण. मामा दोन शब्द बोलले. तुला वाईट नाही ना वाटलं?”

ती उत्तरासाठी थांबली. ते उत्तर तिला पाठ होतं, मलाही होतं. नुसतं तोंड उघडलं असतं तरी ते आपसूक बाहेर आलं असतं. मी तोंड मिटून ठेवलं. पलीकडे गाडीचा आवाज येत राहिला, कुणीतरी चॉकलेटचा कागद सोडत होतं, रोवीना दोनदा ‘हॅलो’ म्हणाली. मी फोन खाली ठेवला. आतून टीगन मला विचारत होती की साध्या प्लगची खोली हवी आहे का, आणि हवी असेल तर कुठली, कारण मागच्या दोन खोल्यांत आता दोन्हीकडे सोय आहे. मी तिला नंतर सांगते म्हणाले.

परत गाडीपाशी आले तेव्हा आकडा निघाला होता. क्लाइवच्या बोटाला लागलं होतं आणि मर्ना त्याला पट्टी चिकटवत होती. कॅरव्हॅनच्या चाकांखाली त्याने दोन दगड लावून ठेवले होते, गाडी मोकळी झाली होती, मागचं दार माझ्यासाठी उघडं होतं, सीटवरचे नकाशे आणि बिस्किटांचे डबे बाजूला सारून एका माणसापुरती जागा केलेली होती. मर्नाने तिथे एक स्वेटरही घडी करून ठेवला होता, धक्क्यावर गार लागेल म्हणून.

“चल, चल,” क्लाइव म्हणाला. “वेळेत नेतो तुला. कळवलंस का बहिणीला?”

“परत जोडा ते,” मी म्हणाले. “आटपलं तिथलं. सकाळीच.”

 मर्नाचे डोळे भरून आले, माझ्यासाठी, जिला ती दोन तासांपूर्वी ओळखतही नव्हती. ती माझ्याकडे यायला लागली, दोन्ही हात पुढे करून, आणि मी एक पाऊल मागे सरकले.

“आणि ते यंत्र बंद पडलं नाही,” मी म्हणाले. “लाल बटण मी दाबलं.”

वाऱ्याने गाडीचं उघडं दार आपटलं. क्लाइवने पट्टी बांधलेलं बोट दुसऱ्या हातात धरलं होतं. तो एकदा यंत्राकडे, एकदा आपल्या सुट्या कॅरव्हॅनकडे बघत होता.

“चुकून लागलं असेल गं हात,” मर्ना म्हणाली.

“नाही,” मी म्हणाले.